देशोदेशींच्या शाळा पाहणारा राजा

नाशिक जिल्ह्यात मालेगावनजीक कवळाणे नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथील काशीराव गायकवाड यांच्या शेतकरी कुटुंबात ११ मार्च १८६३ रोजी गोपाळ नावाचा मुलगा जन्मास आला. शेताशी आणि गुराढोरांशी त्याचा चांगला परिचय होता. अक्षरांशी मात्र बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ नव्हता. इ. स. १८७५ मध्ये बडोद्याचे मल्हारराव महाराज पदच्युत झाले आणि त्याच वर्षी २७ मे रोजी खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाईसाहेब यांनी या मुलास दत्तक घेतले. गोपाळाचे सयाजीराव झाले. ज्या वयात इतर मुले चार यत्ता पुऱ्या करतात, त्या वयात या भावी राजाने मुळाक्षरे गिरविण्यास आरंभ केला. इलियट साहेबांच्या देखरेखीखाली मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांचा अभ्यास त्यांनी नेटाने केला. २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्यकारभाराची सूत्रे त्यांच्या हाती आली.

प्रकृतीच्या कारणास्तव महाराजांनी १८८७ मध्ये युरोपचा पहिला प्रवास केला. त्यानंतर ते वारंवार परदेशी गेले. पण त्यांचा प्रवास केवळ हवापालटासाठी नसे. त्या त्या देशातील शिक्षणसंस्थांकडे त्यांचे विशेष लक्ष असे. प्रशियाने अठराव्या शतकातच शाळेची सक्ती केली होती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १८५२ मध्ये तोच मार्ग धरला. जपानने १८७२ मध्ये सर्व प्रजेसाठी शिक्षणाची नवी व्यवस्था जाहीर केली. इंग्लंडमध्ये १८८० साली सक्ती आली आणि १८९१ साली बहुतेक प्राथमिक शाळांतील फी उठली. मात्र त्याच इंग्लंडच्या अमलाखालील हिंदुस्थानात अशी सोय कोठेही नव्हती. राष्ट्रांच्या उत्कर्षाचे मूळ गावोगावच्या साध्या शाळांत आहे, अशी महाराजांची खात्री झाली.

परंतु परदेशात पाहिलेले सारे जसेच्या तसे उचलून आणावे, असा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी १८९३ मध्ये प्रथम अमरेली शहर व आसपासची नऊ खेडी एवढ्यापुरताच सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला. ज्या घरी मुलगा गुरे राखतो व मुलगी धाकटी भावंडे सांभाळते, त्या घरावर या सक्तीचा भार पडणार हे उघड होते. म्हणून तेरा वर्षे अनुभव घेऊन मगच, १९०६ मध्ये, हा कायदा सर्व राज्यास लागू झाला. सात ते बारा वर्षांचे मुलगे आणि सात ते दहा वर्षांच्या मुली यांना शाळेत धाडणे पालकांवर बंधनकारक झाले. न धाडल्यास दंड होई. नामदार गोखले यांनी १९११ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्यासमोर होता. पुढील वर्षी ते विधेयक फेटाळले गेले. जे साऱ्या देशास साधले नाही, ते एका संस्थानात चालू होते!

आपल्या दांडिया बाजारालगतच्या कलाभवनामागे हाच विचार आहे. केवळ पुस्तकी विद्येने पोट भरत नाही, हे जाणून १८९० मध्ये प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या नेतृत्वाखाली ही संस्था निघाली. परदेशी उद्योगविद्या येथे देशी भाषांतून शिकविली जाई. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके येथलेच विद्यार्थी. पुढे अमेरिकेत पाहिलेली ग्रंथालयपद्धती महाराजांना आवडली. शाळा सुटल्यावर वाचावयास पुस्तक नसेल, तर शिकलेली अक्षरेही विसरली जातात. म्हणून १९१० मध्ये तेथील ग्रंथपाल बॉर्डन यांना त्यांनी बडोद्यास आणले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले आणि पुस्तकांच्या पेट्या खेड्याखेड्यांतून फिरू लागल्या.

अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीही महाराजांनी शाळा काढल्या. तेथे शिकविण्यास सवर्ण शिक्षक तयार होईनात, तेव्हा मुसलमान व आर्यसमाजी शिक्षक नेमण्यात आले. भीमराव आंबेडकर यांना १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात बडोद्याच्याच शिष्यवृत्तीने जाता आले. पण तेच विद्वान १९१७ मध्ये येथे नोकरीस आले, तेव्हा या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. हुकूम काढून शाळेचे दार उघडता येते. माणसाच्या मनाचे दार तसे उघडत नाही. ही उणीव राजाच्या कायद्याची नव्हती, समाजाची होती.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांचे देहावसान झाले. १९४९ मध्ये त्यांच्या नावाचे विद्यापीठ बडोद्यात स्थापन झाले. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा भारताच्या संसदेने २००९ मध्ये केला. म्हणजे बडोद्यानंतर एकशेतीन वर्षांनी.

विद्यार्थिमित्रहो, दुसऱ्याचे चांगले पाहावे, ते आपल्या घरी लागू पडेल का हे थोड्यावर अजमावून पाहावे आणि पटल्यावर ते सर्वांना द्यावे, ही या राजाची रीत होती. ज्याला स्वतःला बाराव्या वर्षी अक्षर भेटले, त्याने आपल्या प्रजेतील मुलांना तितका काळ थांबू दिले नाही. आपण रोज सहज शाळेत जातो, त्यामागे केवढी धडपड आहे हे ध्यानी ठेवून विद्येची कदर करणे, हेच त्यांचे खरे स्मरण होय.