वेगवेडा बर्ट मन्रो

‘इंडियन’ हे नाव वाचून या गोष्टीचा आपल्या देशाशी काही संबंध असेल असं वाटेल, पण तसं नाही. इंडियन ही अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्डची मोटरसायकल कंपनी. तिची ‘स्काउट’ नावाची ६०० सीसीची गाडी १९२० साली न्यूझीलंडच्या पार दक्षिण टोकाला, इन्व्हरकार्गिल भागात, एका एकवीस वर्षांच्या पोराने नवी कोरी विकत घेतली. गाडीचा टॉप स्पीड होता ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर. त्या पोराचं नाव हर्बर्ट जेम्स मन्रो, पण जग त्याला बर्ट मन्रो म्हणून ओळखतं.

बर्टचा जन्म २५ मार्च १८९९ चा. त्याची जुळी बहीण जन्मतःच गेली. हा दोन वर्षंसुद्धा जगणार नाही, असं डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं होतं. तो जगला आठ्याहत्तर वर्षं! मोटरसायकलींचा सेल्समन आणि मेकॅनिक म्हणून तो पोट भरायचा. दिवसा नोकरी, रात्री शेडमध्ये गाडी. लग्न झालं, चार मुलं झाली, पण १९४७ मध्ये घटस्फोट झाला. पुढे त्याने मुक्कामच शेडमध्ये हलवला. हे वेड त्याच्या घरच्यांना केवढ्याला पडलं असेल, हा प्रश्न मला पडतोच. आपण कौतुक करताना तेवढं विसरू नये.

आता त्याच्या कामाबद्दल. मूळ स्काउटचं इंजिन साइड-व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असल्यामुळे मिश्रणाला वळसा घालून आत यावं लागतं आणि कॉम्प्रेशनही फार वाढवता येत नाही. बर्टने ते ओव्हरहेड व्हॉल्व्ह करून टाकलं. म्हणजे नवीन हेड, रॉकर, पुशरॉड आणि दोनाच्या जागी चार कॅम. पिस्टन त्याने जुन्या डब्यांचे साचे करून स्वतः ओतले. सिलिंडरसाठी बीडाचा जुना गॅस पाइप वापरला. कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या अॅक्सलमधून हाताने घडवले. मायक्रोमीटर परवडत नव्हता, तर तो चाकाच्या जुन्या आरीपासून बनवला! करता करता इंजिन ९५० सीसीपर्यंत गेलं.

हे वाचायला सोपं आहे. पण ज्याने एकदा तरी इंजिन घरी उघडलंय त्याला यातली मेख कळेल. मे महिन्याच्या सुट्टीत मी वडिलांच्या जुन्या फोर-स्ट्रोक गाडीचं इंजिन अंगणात पोतं अंथरून जोडलं. टॅपेट सेट करायचे तर इंजिन गार हवं आणि पिस्टन टीडीसीला हवा. पण फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टन एका सायकलमध्ये दोनदा वर येतो. आपल्याला कॉम्प्रेशनचाच टीडीसी हवा, कारण तेव्हाच दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि दोन्ही रॉकर किंचित सैल लागतात. मग फीलर गेज घालायचा. तो हलकेच घासत सरकला पाहिजे. फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास! कमी ठेवली तर इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. जास्त ठेवली तर टकटक आवाज येतो आणि व्हॉल्व्ह उशिरा आणि कमी उघडतो. माझ्यापाशी मॅन्युअल होतं, त्यात आकडा छापलेला होता. बर्टचं इंजिन कंपनीचं उरलंच नव्हतं, मग आकडा कोण देणार?

टायमिंगचं तेच. ६००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ३६ अंश फिरतो. ठिणगी जरा लवकर पडली तर नॉकिंग होऊन पिस्टनला भोक, उशिरा पडली तर ताकद गेली. त्यात स्काउट ही ४२ अंशांची व्ही-ट्विन, दोन्ही रॉड एकाच क्रँकपिनवर. म्हणजे दोन सिलिंडर समान अंतराने पेटत नाहीत. एकदा ३१८ अंशांनी, एकदा ४०२ अंशांनी. हे सगळं त्याने शेडमध्ये, एकट्याने जमवलं. अर्थात फुटलंही खूप. फुटलेले पिस्टन, मोडलेले रॉड तो फळीवर मांडून ठेवायचा आणि त्यावर वेगाच्या देवाला अर्पण अशा अर्थाची पाटी होती. आपल्याकडे जॉब बिघडला की तो आधी वर्कशॉपच्या मामांपासून लपवतात!

हे इंजिन घेऊन तो अमेरिकेत युटा राज्यातल्या बॉनव्हिल इथल्या मिठाच्या मैदानावर गेला. तोपर्यंत त्याला अँजायनाचा त्रास सुरू झाला होता. १९६२ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, त्याने ८८३ सीसी वर्गात ताशी २८८ किलोमीटरचा विक्रम केला. १९६६ मध्ये आणखी एक. १९६७ मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, १००० सीसीच्या आतल्या वर्गात ताशी १८३.५८६ मैल, म्हणजे सुमारे २९५ किलोमीटर. सत्तेचाळीस वर्षं जुनी गाडी, मूळ वेगाच्या तिपटीहून जास्त! त्या वेगात एक व्हॉल्व्ह तुटला असता तर काय झालं असतं, हे मेकॅनिकलच्या पोरांना सांगायला नको.

६ जानेवारी १९७८ ला बर्ट गेला. २००५ मध्ये रॉजर डोनाल्डसनने त्याच्यावर ‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’ हा चित्रपट काढला. त्यात अँथनी हॉपकिन्स बर्ट झाला आहे. होस्टेलवर कुणाकडे असेल तर जरूर बघा.

आणि एक गंमत. १९६७ च्या विक्रमाची सरासरी काढताना आकडेमोडीत चूक झाली होती, हे त्याच्या मुलाच्या, जॉनच्या, लक्षात आलं. २०१४ मध्ये तो आकडा दुरुस्त होऊन १८४.०८७ मैल झाला. म्हणजे मेल्यावर छत्तीस वर्षांनी म्हाताऱ्याचा वेग अर्ध्या मैलाने वाढला! ज्याने आरीच्या मायक्रोमीटरने आयुष्यभर बारीक मापं घेतली, त्याच्या वाट्याला कागदावरचं माप चुकीचं आलं होतं. जर्नलमध्ये रीडिंग उतरवताना, निदान सरासरी काढताना तरी, हे आठवावं.