हेन्री फोर्ड आणि पाच भोकांचं चाक

हेन्री फोर्ड म्हटलं की आपल्याला फक्त असेंब्ली लाइन आठवते, कारण व्हायव्हाला तेवढंच विचारतात. मला मात्र हा माणूस भेटला तो चाकामुळे. अमेरिकेत फोर्डच्या जुन्या पिकअपला सेकंडहॅंड चाकं कशी शोधतात हे वाचता वाचता मी मागे मागे गेले आणि थेट डेट्रॉइटजवळच्या एका शेतावर पोचले.

तिथे 30 जुलै 1863 ला हेन्री जन्मला. शेतीचा त्याला भयंकर कंटाळा. छंद एकच, घड्याळं उघडायची आणि पुन्हा जोडायची. सोळाव्या वर्षी तो डेट्रॉइटला मशीनचं काम शिकायला गेला. पुढे एडिसनच्या वीज कंपनीत इंजिनियर झाला आणि नोकरी सांभाळून 1896 मध्ये घरामागच्या शेडमध्ये पहिली गाडी बनवली. तिला चाकं चक्क सायकलची! बाहेर काढताना कळलं की शेडचं दार अरुंद आहे, मग कुऱ्हाडीने भिंत फोडली. (सबमिशनच्या आदल्या रात्री आपलंही असंच होतं.)

आधीचे दोन प्रयत्न फसले, 1903 ची फोर्ड मोटर कंपनी मात्र चालली. 1908 मध्ये मॉडेल टी आली. कुठलाही पार्ट त्या मॉडेलच्या कुठल्याही गाडीला कानस न लावता बसला पाहिजे, हा त्याचा हट्ट. एक पार्ट घासत बसलं तर मागची सगळी लाइन थांबणार ना! म्हणून गेज आणि फिक्स्चर आधी, 1913 ची चालती असेंब्ली लाइन नंतर. चॅसी जोडायला साडेबारा तास लागायचे, ते दीड तासावर आले.

गंमत म्हणजे चाकापाशीच गाडं अडलं. अमेरिकेतल्या मॉडेल टीला पुढे 30 बाय 3 आणि मागे 30 बाय साडेतीन इंचाचे टायर. म्हणजे एकच स्टेपनी चारही जागी चालायची नाही. रिमही सुटी होत नव्हती, पंक्चर झालं की रस्त्यातच टायर उचकटायचा. सुट्या होणाऱ्या रिम 1919 मध्ये आल्या. 1925 मध्ये कंपनीने स्वतःच मागे हौदा लावून पिकअप विकायला काढली, किंमत 281 डॉलर.

माणूस म्हणून तो मला फारसा आवडला नाही. 1914 मध्ये त्याने रोज 5 डॉलर पगार दिला, पण तो लाइनवर कामगार टिकेनात म्हणून. स्वतःच्या वर्तमानपत्रातून ज्यूंविरुद्ध विषारी लेखमाला छापली. कामगार संघटनेला 1941 पर्यंत मान्यता दिली नाही. 7 एप्रिल 1947 ला तो गेला.

चाकाचं म्हणाल तर 1928 च्या मॉडेल ए ला पाच बोल्ट होते, साडेपाच इंचाच्या वर्तुळावर, म्हणजे 139.7 मिमी पीसीडी. मध्येच 1936 ते 1939 च्या गाड्यांना सव्वादहा इंच केलं, मग पुन्हा साडेपाच. दुसऱ्या महायुद्धात फोर्डने बनवलेल्या जीपलाही तेच वर्तुळ. हेन्रीच्या मागे 1948 मध्ये एफ सीरीजचे पिकअप आले, त्यांतल्या अर्ध्या टनाच्या गाडीने ते 1996 पर्यंत टिकवलं. त्यामुळे भंगारात चाक सापडायची शक्यता दांडगी. तरी नुसती भोकं जुळून भागत नाही. मधलं भोक हबवर बसायला हवं, ऑफसेट जमायला हवा, जुनी रिम डिस्क ब्रेकच्या कॅलिपरला घासता कामा नये, आणि भार पेलायची क्षमताही बघायची.

1997 च्या एफ-150 ला कंपनीने पाचच बोल्ट ठेवले, पण वर्तुळ 135 मिमी केलं. खरा घोळ इथेच आहे. पाच भोकांत समोरासमोर भोक नसतं, म्हणून शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर मोजून 1.701 ने गुणायचं. जुन्या चाकात हे अंतर 82.1 मिमी भरतं, नव्यात 79.4. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. जबरदस्तीने नट आवळले तर चाक नीट टेकत नाही, बोल्टवर भलता ताण येतो आणि हायवेला चाक निखळू शकतं. तेव्हा तिथे टेप नको, व्हर्नियर न्यावा.