फरशीवर लढाई मांडणारा एच. जी. वेल्स

दिवाळीत विक्रोळीच्या कन्नमवार नगरात पोरं किल्ला करतात, त्यावर मावळे मांडतात. शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये एक मोठा माणूस असाच डाव मांडायचा. तो म्हणजे ‘द टाइम मशीन’ लिहिणारा एच. जी. वेल्स.

१८६६ साली जन्मलेला वेल्स दुकानदाराचा पोरगा. नाव झाल्यावरही तो मित्रांना जमवून फरशीवर शिशाचे सैनिक लावायचा. ठोकळ्यांची घरं, स्प्रिंगची तोफ, लाकडी गोळा. सैनिक पडला की मेला. चालीला वेळ ठरलेली.

१९१३ मध्ये त्याने ‘लिटल वॉर्स’ पुस्तकात या खेळाचे नियम छापले. त्याचं म्हणणं साधं होतं, लढायची खुमखुमी इथेच जिरवा. पण पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं.

दुसरंही पाहून १९४६ मध्ये वेल्स गेला. त्याचा खेळ मात्र आजही खेळला जातो.