डॉ. रखमाबाई : कोर्टात उभी राहिलेली लेक

कोर्टाची नोटीस दारात आली की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. त्यातून ती नांदायला येण्याविषयी असली, म्हणजे मुलगी खचूनच जाते. अशा भगिनींना धीर यावा म्हणून डॉ. रखमाबाईंचे चरित्र या स्मरणिकेत देत आहोत.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईस सुतार ज्ञातीत झाला. वडील त्यांच्या बालपणीच वारले. आई जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लागले. परंतु त्या माहेरीच राहिल्या व घरी वाचन करून शहाण्या झाल्या. जाणत्या झाल्यावर, या नवऱ्याकडे नांदायला जायचे नाही, असा त्यांनी निश्चय केला.

१८८४ साली दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. असा दावा मूळचा इंग्लंडातला, हिंदू धर्मशास्त्रात त्याला आधार नाही. शिवाय जी कधी नांदलीच नाही तिला परत नांदायला कसे पाठवावे, असा त्यांचा विचार होता. अपिलात हा निकाल टिकला नाही. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, की महिन्याभरात नवऱ्याकडे जावे, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली, तर काही मंडळींनी त्यांच्या मदतीसाठी समिती स्थापिली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला.

भगिनींनो, न्यायाधीश आहे त्या कायद्याचा अर्थ लावतो; कायदा बदलतो तो विधिमंडळात. पण कोर्टातले दुःख चव्हाट्यावर आले, म्हणजे विधिमंडळालाही ते ऐकावे लागते. रखमाबाईंचा खटला देशभर गाजला. बेहरामजी मलबारींची चळवळ चालूच होती. पुढे बंगालमध्ये फुलमणी नावाची बालवधू दगावली. तेव्हा १९ मार्च १८९१ रोजी संमतिवयाचा कायदा होऊन वय दहावरून बारा वर्षे झाले. नांदायला न जाणाऱ्या स्त्रीला तुरुंगात टाकण्याची तरतूद मात्र १९२३ साली निघाली.

हीच वाट आपल्या देसाईगंजवरूनही गेली आहे. १९७२ साली तेथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तिचे नाव येथे लिहीत नाही. चंद्रपूरच्या सेशन कोर्टाने पोलिसांना सोडले, नागपूरच्या हायकोर्टाने शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली. मुलगी खटला हरली. पण १९७९ साली चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले, गावोगावच्या स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली संसदेला कायदा बदलावा लागला. पीडितेचे नाव छापू नये, हा नियमही त्याच दुरुस्तीने आला.

रखमाबाई पुढे विलायतेस गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर स्त्रियांची सेवा केली. १९०४ साली दादाजी वारले, तेव्हा त्यांनी विधवेचा वेष घेतला. दावा मिटला होता, लग्न मोडले नव्हते. हिंदू स्त्रीला देशभर घटस्फोटाचा हक्क देणारा कायदा १९५५ च्या मे महिन्यात झाला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला रखमाबाईंनी देह ठेवला.

त्या कायद्याच्या नवव्या कलमात नांदण्याचा दावा अजूनही आहे. हुकूम मोडल्यास मिळकतीवर जप्ती येऊ शकते, तुरुंग नाही. आणि न जाण्याला सबळ कारण असेल, तर ते कोर्टापुढे मांडण्याचा स्त्रीला पूर्ण हक्क आहे. म्हणून नोटीस आली तर ती उतरंडीत लपवू नये. वकिलाला दाखवावी, आणि तारखेला हजर राहावे. रखमाबाईही हजर राहिल्या होत्या.