कै. श्रीमंत माधवराव महाराज शिंदे आणि त्यांचे इस्पितळ-जहाज

ग्वाल्हेर हे नाव महाजन कुटुंबांना परके नाही. जिवबादादा केरकर-बक्षी आणि लखबादादा लाड हे सारस्वत सेनानी शिंद्यांच्या पदरी नावारूपास आले, तेव्हापासून किती तरी घराण्यांनी त्या दरबारचे मीठ खाल्ले. त्याच शिंदे घराण्यात 1876 साली माधवराव महाराजांचा जन्म झाला. वडील जयाजीराव 1886 साली कैलासवासी झाल्यावर वयाच्या दहाव्या वर्षी ते गादीवर आले आणि 1894 मध्ये राज्याची पूर्ण अधिकारसूत्रे त्यांच्या हाती आली.

महाराजांना वाहतुकीचा विलक्षण नाद होता. जयविलास राजवाड्यात भोजनाच्या मेजावर धावणारी चांदीची छोटी आगगाडी प्रसिद्धच आहे. परंतु हा नाद केवळ हौसेपुरता नव्हता. ग्वाल्हेरचे तट्टांचे व गाड्यांचे वाहतूक-पथक 1895 साली चित्रळच्या आणि 1897 साली तिराहच्या मोहिमेत उपयोगी पडले. सामान गोळा करणे निराळे आणि ते अडल्या जागी वेळेवर पोचविणे निराळे, हा धडा दरबाराला तेथे मिळाला असला पाहिजे.

त्याची खरी कसोटी संवत 1956 च्या, म्हणजे 1899-1900 च्या, ‘छप्पनिया’ दुष्काळात लागली. माळव्याला दुष्काळ ठाऊकच नव्हता; उलट मारवाडचे लोक संकटकाळी गुरेढोरे हाकीत तेथेच आश्रयास येत. त्या वर्षीही ते आले, आणि माळव्याची जमीनही कोरडी निघाली. अशा वेळी अंगमेहनत करू शकणाऱ्यांसाठी तलाव-रस्त्यांची कामे, अपंगांसाठी अन्नगृहे, अनाथांसाठी आसरा आणि पुढच्या पेरणीकरिता बी-बैल अशी मदतीची विभागणी करावी लागे. अखिल हिंदुस्थानासाठी उभारलेल्या दुष्काळ-निधीतून कांबळी व वस्त्रेही वाटली जात. अमेरिकेतील लोकांनी गोळा केलेला मका घेऊन ‘क्विटो’ ही आगबोट 1900 साली मुंबईस आली.

आणि त्याच वर्षी ग्वाल्हेरच्या खर्चाने एक जहाज चीनकडे गेले. बॉक्सर बंडाच्या वेळी निघालेल्या मोहिमेसाठी महाराजांनी एक संपूर्ण इस्पितळ-जहाज सज्ज करून दिले. त्याचे नाव ‘ग्वाल्हेर’ असेच ठेविले होते. ते स्वतःही जनरल गॅसेली यांच्या हाताखाली चीनमध्ये गेले. इस्पितळ-जहाज म्हणजे पाण्यावरील दवाखानाच: खाटा, बिछाने, औषधे, शस्त्रक्रियेची जागा, वैद्य आणि सेवक, सारे काही किनारा सोडण्यापूर्वीच भरावे लागते, मागाहून बाजारात माणूस धाडण्याची सोय नसते.

घरी प्रजा उपाशी असताना हा द्रव्यव्यय कशासाठी, असा आक्षेप यावर घेता येईल, आणि तो सहजासहजी खोडता येणार नाही. साम्राज्य-सरकारची मर्जी राखण्याचा हेतू त्यात नव्हताच, असे कोण म्हणेल? मात्र त्या मोहिमेतील ब्रिटिश फौजेत बहुसंख्य शिपाई हिंदी होते. परमुलखात जखमी होऊन पडलेल्या शीख, पठाण, रजपूत जवानाला ती खाट कोणाच्या हेतूने मिळाली याची चौकशी करण्याचे कारण नव्हते.

1914 साली पहिले महायुद्ध पेटताच शिंदे महाराज आणि भोपाळच्या बेगमसाहेबा यांच्या पुढाकाराने संस्थानिकांच्या वतीने पुन्हा इस्पितळ-जहाज उभे राहिले. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची 1891 मध्ये बांधलेली ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ही बोट विकत घेऊन तिचे नाव ‘लॉयल्टी’ ठेवण्यात आले. नावातच सर्व काही आले!

दुष्काळावरील कायमचा उपाय म्हणून महाराजांच्या कारकीर्दीत पाटबंधाऱ्यांवर भर देण्यात आला. ग्वाल्हेरजवळ सांक नदीवर तिघरा धरण 1916 साली झाले. दुसऱ्याच पावसाळ्यात, 1917 मध्ये, पायातून पाणी झिरपून ते फुटले आणि खालच्या गावांवर आकांत ओढवला. पुढे ते पुन्हा उभारण्यात आले आणि शहराला पाणी पुरवू लागले.

‘लॉयल्टी’चे भाग्य मात्र अनपेक्षित ठरले. युद्धानंतर वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी प्रभृतींनी ती विकत घेतली आणि आपल्या नव्या कंपनीला ‘सिंदिया’ हे नाव दिले. 5 एप्रिल 1919 रोजी ती मुंबईहून लंडनला निघाली. हा दिवस पुढे राष्ट्रीय सागरी दिन ठरला. 1923 मध्ये ती मोडीत निघाली. माधवराव महाराज 5 जून 1925 रोजी पॅरिस येथे निवर्तले. शिवपुरीस त्यांची छत्री मातोश्री सख्याराजे यांच्या छत्रीसमोर उभी आहे.