लायबनिझची पवनचक्की

लायबनिझ म्हटलं की आपल्याला आठवतो तो एम-वनमधला थिअरम, रात्रभर जागून पाठ केलेला आणि पेपर संपताच विसरलेला. पण मित्रांनो, हाच माणूस साइटवर सपशेल फेल गेलेला इंजिनिअरसुद्धा होता!

गॉटफ्रीड विल्हेल्म लायबनिझचा जन्म १६४६ चा, लाइपझिगचा. शिक्षण वकिलीचं. १६७६ पासून तो हॅनोव्हरच्या ड्यूककडे नोकरीला. तेव्हा जर्मनी हा एक देश नव्हताच. असंख्य छोटी संस्थानं आणि कितीतरी टांकसाळी. हॅनोव्हरच्या थालरसाठी (डॉलर हा शब्द याच थालरवरून आला) चांदी यायची हार्झ डोंगरातल्या खाणींतून. पण खाणीत पाणी साचायचं. ते उपसायला पंप, आणि पंप चालवायला पाण्याचीच चाकं! पाऊस कमी झाला की चाकं थांबायची आणि खाली खाण भरत जायची.

लायबनिझने पवनचक्क्यांची स्कीम मांडली. १६७९ मध्ये करार झाला: यश आलं तर जन्मभर दरसाल १२०० थालर. त्याच वर्षी ड्यूक वारला, तरी काम सुरू राहिलं. लायबनिझ तीसहून जास्त वेळा हार्झला गेला. पण तिथला वारा बेभरवशाचा, चक्की नीट चालेचना. मग त्याने आडवी फिरणारी चक्की काढली, तिचंही जमलं नाही. खाणीचे अधिकारी पहिल्यापासून विरोधात. शहरातला वकील येऊन आपल्याला शिकवणार, हे त्यांना कसं पचावं? पण खरं सांगू का, तिथला वारा त्यांनाच जास्त माहीत होता. शेवटी १६८५ मध्ये नव्या ड्यूकने काम बंद केलं आणि लायबनिझला राजघराण्याचा इतिहास लिहायला बसवलं. तो १७१६ मध्ये गेला तेव्हाही ते पुस्तक अर्धवटच होतं.

गंमत म्हणजे, चक्की रखडलेली असतानाच, १६८४ मध्ये, त्याने कॅल्क्युलसवरचा तो प्रसिद्ध पेपर छापला. आणि ज्या वर्षी चक्कीचा करार झाला, त्याच वर्षी तो कागदावर शून्य आणि एक एवढ्याच आकड्यांत हिशेब मांडत होता. आपली बायनरी! ती त्याच्या डोक्यातून गेली नाही. १६९७ च्या जानेवारीत त्याने शेजारच्या वोल्फेनब्यूटेलच्या ड्यूकला पत्र लिहून चांदीचं एक पदक सुचवलं, त्यावर बायनरी आकड्यांचा तक्ता. शून्यातून आणि एकातून सगळी सृष्टी, अशी कल्पना.

त्याच्या हयातीत ते पदक काही पाडलं गेलं नाही.