ग्लॅडस्टन सॉलोमन

कॅप्टन विल्यम यूअर्ट ग्लॅडस्टन सॉलोमन (१८८० – १९६५) हे दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले ब्रिटिश चित्रकार, पहिल्या महायुद्धातील सेनाधिकारी, कलाविषयक लेखक आणि मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे प्रमुख होते. महाराष्ट्रातील कलाशिक्षणात भित्तिचित्रणाचा स्वतंत्र वर्ग त्यांनी सुरू केला. त्यांच्याच कारकिर्दीच्या उत्तरार्धात, १९३५ मध्ये, या शाळेत व्यावसायिक कलेचा विभाग निघाला.

पूर्वायुष्य

सॉलोमन यांचा जन्म केपटाऊन येथे झाला. वडील सॉल सॉलोमन हे मुद्रक, वृत्तपत्राचे मालक आणि केप वसाहतीतील उदारमतवादी राजकारणी होते. इंग्लंडचे पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचे पूर्ण नाव त्यांनी मुलाला दिले, यावरून घरातील राजकीय वातावरणाची कल्पना येते. आई जॉर्जियाना या मूळच्या स्कॉटिश शिक्षिका. पुढे त्या आणि कन्या डेझी या दोघीही इंग्लंडमधील स्त्रियांच्या मताधिकार चळवळीत उतरल्या. १९०९ मध्ये डेझी आणि आणखी एका कार्यकर्तीला पंतप्रधानांच्या निवासस्थानी चक्क टपालाने ‘माणसाचे पत्र’ म्हणून पाठवण्यात आले होते. अशा घरातला हा मुलगा मात्र चित्रकलेकडे वळला. लंडनच्या रॉयल अकादमीच्या कलाशाळेत त्यांनी वास्तववादी रेखाटनाचे कसून शिक्षण घेतले. महायुद्धात सैन्यात सेवा केल्यावर मिळालेली कॅप्टन ही पदवी मुंबईतही त्यांच्या नावाला कायमची चिकटली.

मुंबईतील कारकीर्द

महायुद्ध संपल्यानंतर लवकरच ते मुंबईत आले. शाळेचे पूर्वीचे प्रमुख कारागिरी आणि अलंकरण यांवर भर देत. सॉलोमन यांनी जिवंत मॉडेलवरून मानवी देह रेखाटण्याच्या वर्गाला महत्त्व दिले आणि त्याच्या जोडीला गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या पाठिंब्याने भित्तिचित्रणाचा वर्ग काढला. विद्यार्थ्यांनी गव्हर्नरांच्या निवासस्थानी भित्तिचित्रे रंगवली. १९२४ मध्ये लंडनजवळील वेम्ब्ली येथील साम्राज्य प्रदर्शनात शाळेने सजवलेले ‘भारतीय दालन’ मांडले गेले. पुढे नवी दिल्लीतील सचिवालयाच्या नॉर्थ ब्लॉकमध्येही या विद्यार्थ्यांची चित्रे आली.

या साऱ्याला सॉलोमन यांनी भारतीय कलेचे पुनरुज्जीवन म्हटले. त्यावरून वाद पेटला. अवनींद्रनाथ टागोरांच्या परंपरेतील बंगाली कलावंत व समीक्षकांच्या मते पाश्चात्त्य देहरेखाटन शिकवून भारतीय कला उभी राहणे अशक्य होते. सॉलोमन यांचे उत्तर अजिंठ्यात होते. तेथील चित्रकारांनी माणसाचे शरीर, विशेषतः स्त्रीदेह, बारकाईने न्याहाळला होता, तेव्हा निरीक्षण आणि भारतीयत्व यांत विरोध नाही, अशी त्यांची मांडणी होती. अजिंठा तेव्हा नांदेड, लातूरसह सगळ्या मराठवाड्याप्रमाणे निजामाच्या राज्यात होता आणि निजामाच्या पुरातत्त्व खात्याने इटालियन तज्ज्ञांकडून लेण्यांतील चित्रांच्या जतनाचे काम नुकतेच करवून घेतले होते. जे. जे.चे नाते त्याहून जुने. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह तेथील चित्रांच्या प्रतिकृती केल्या होत्या. सॉलोमन यांनी या लेण्यांवर ‘जॉटिंग्ज अ‍ॅट अजंता’ (१९२३) हे पुस्तक लिहिले. ‘द चार्म ऑफ इंडियन आर्ट’ (१९२६) आणि ‘म्युरल पेंटिंग्ज ऑफ द बॉम्बे स्कूल’ (१९३०) ही त्यांची आणखी दोन पुस्तके. त्यांच्या लेखनात प्रचाराचा सूर बराच आहे आणि पुनरुज्जीवनाचे श्रेय सरकारी आश्रयाला देण्याची घाईही दिसते. परंतु अजिंठ्याकडे विद्यार्थ्यांनी केवळ नक्कल करण्याचे साधन म्हणून पाहू नये, हा त्यांचा आग्रह योग्य होता.

शाळेवरील संकट आणि व्यावसायिक कला

१९३० च्या सुमारास जागतिक मंदीमुळे मुंबई सरकारने खर्चात कपात सुरू केली. १९३२ मध्ये एका सरकारी समितीने तर जे. जे. बंद करण्याचीच शिफारस केली. कलावंत, माजी विद्यार्थी आणि वृत्तपत्रे यांनी विरोध केला आणि शाळा वाचली. पण चित्रकला शिकून पोट कसे भरायचे, हा समितीच्या शिफारशीमागचा प्रश्न खोटा नव्हता. राजवाड्यांच्या आणि कचेऱ्यांच्या भिंती मोजक्याच होत्या. गिरण्या, छापखाने, चित्रपट आणि जाहिरातसंस्था यांची मुंबई मात्र वाढत होती. १९३५ मध्ये सुरू झालेल्या व्यावसायिक कला विभागात भित्तिपत्रके, वेष्टने, अक्षररचना आणि मुद्रणासाठीची चित्रे यांचे शिक्षण मिळू लागले. विभागाची जबाबदारी व्ही. एन. आडारकर यांच्याकडे होती आणि विभागाला आकार आला तो त्यांच्यामुळेच. सॉलोमन स्वतः अखेरपर्यंत भिंतींवरील भव्य चित्रांचे पुरस्कर्ते राहिले. तरीही महाराष्ट्रातील अधिक घरांत पोहोचली ती या दुसऱ्या विभागाची कला.

१९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात सॉलोमन निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी चार्ल्स जेरार्ड आले. जेरार्ड यांनी शाळेचे तोंड आधुनिक युरोपीय चित्रकलेकडे वळवले. १९६१ मध्ये व्यावसायिक कला विभाग सर जे. जे. उपयोजित कला संस्था म्हणून स्वतंत्र झाला. त्यानंतर चार वर्षांनी सॉलोमन यांचे निधन झाले.